ओठ, फट आणि आठ हजार नळ्या

७ डिसेंबर २०२४ रोजी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल पुन्हा उघडलं. त्या सोहळ्यात आर्चबिशपांनी तिथल्या ऑर्गनला उद्देशून आठ वेळा आवाहन केलं आणि दर वेळी ऑर्गनने सुरांत उत्तर दिलं. एप्रिल २०१९च्या आगीतून हा ऑर्गन ‘चमत्काराने’ वाचला, असं तेव्हाही छापून आलं होतं, आताही आलं. चमत्कार वगैरे काही नाही. हा ऑर्गन इमारतीच्या पश्चिम टोकाला, दोन मनोऱ्यांच्या मधल्या सज्ज्यावर आहे. जळलं ते वरचं लाकडी छप्पर. त्याखालची दगडी कमान या भागात शाबूत राहिली, आणि उत्तरेकडच्या मनोऱ्यात शिरलेली आग अग्निशमन दलाने जिवावर उदार होऊन तिथेच अडवली. श्रेय द्यायचंच असेल तर मध्ययुगातल्या गवंड्यांना आणि त्या रात्रीच्या जवानांना द्यावं.

ऑर्गन जळला नाही, पण धड राहिला असंही नाही. छपरावर शेकडो टन शिशाचे पत्रे होते. ते वितळले आणि शिशाची धूळ सगळीकडे बसली, नळ्यांवरही. २०२०च्या ऑगस्टपासून सुमारे आठ हजार नळ्या एकेक करून उतरवल्या, साफ केल्या, परत बसवल्या. मग सूर जुळवण्याचं काम कित्येक महिने चाललं, आणि तेही रात्री, कारण दिवसा बांधकामाचा गोंगाट. नुसती धूळ पुसायला एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर प्रत्येक नळीतल्या एका बारीक फटीत आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्या फटीसाठीच लिहिला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता चालवायचा ऑर्गन आठवतो. बालगंधर्वांच्या पदांमागे ऐकू येतो तो. ते वाद्य हार्मोनियमच्या घरातलं. आत धातूच्या पात्या असतात, हवेने त्या थरथरतात आणि सूर निघतो. नळी तिथे नसतेच. चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्याही काही नळ्यांच्या बुडाशी पाती असते, पण बहुसंख्य नळ्यांमध्ये हलणारा एकही भाग नसतो. त्या बासरीच्या जातीच्या. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये असे पाइप ऑर्गन आहेत.

आता नळी हातात घेऊ. तळाशी निमुळता पाय आणि त्याच्या टोकाला भोक. भात्याची हवा तिथून आत शिरते. पाय आणि वरचं लांब धड यांच्या मध्ये एक आडवी चकती बसवलेली असते. ती हवेचा जवळजवळ सगळा रस्ता अडवते. समोरच्या बाजूला तेवढी एक फट ठेवते, पुष्कळदा मिलिमीटरभराची किंवा त्याहूनही अरुंद. फटीच्या वर नळीला आडवं छेदून केलेलं तोंड असतं. त्याची खालची कड म्हणजे खालचा ओठ, वरची धारदार कड म्हणजे वरचा ओठ. फटीतून सुटलेली हवा पातळ पापुद्रा होऊन तोंड ओलांडते आणि वरच्या ओठाच्या धारेवर येते. बासरीवादक ओठांची ठेवण बदलून जे साधतो ते इथे कारागिराने धातूत एकदाच कायमचं करून ठेवलेलं असतं.

यासाठी लागणारा दाब अगदी मामुली. ऑर्गनचा दाब पाण्याच्या उंचीवरून मोजतात. सत्तर मिलिमीटर पाणी उचलून धरेल एवढा दाब जुन्या ऑर्गनमध्ये सहज पुरतो. वातावरणाच्या दाबाचा हा एक टक्काही नाही. तरी गणित केलं तर एवढ्या दाबाने फटीतून निघणारी हवा सेकंदाला सुमारे ३४ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने धावते.

पुढे काय होतं? ‘हवा धारेवर आपटते, भोवरे तयार होतात, त्यांचा आवाज होतो आणि नळी तो मोठा करते,’ हे ठरलेलं उत्तर. भोवरे होतात हे खरं. पण तेवढ्यावर थांबलो तर गंमत हातची जाते, कारण खरा हुकूम नळीकडून येतो.

समजा, पापुद्रा ओठाच्या किंचित आतल्या बाजूला झुकला. थोडी हवा नळीत घुसली आणि तिथला दाब वाढला. ही दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने वर निघते आणि नळीच्या उघड्या टोकाशी पोचते. बाहेरचं मोकळं वातावरण तिथे दाब टिकू देत नाही, त्यामुळे लाट परत फिरते ती उलटी होऊन: दाट हवेची गेली, विरळ हवेची आली. खालचं तोंड हेही एक उघडं टोकच, म्हणून तिथे ती आणखी एकदा उलटते. वर जाऊन खाली येण्याच्या या एका फेरीत एक आवर्तन पुरं होतं. आता तोंडाशी पाहा. लाटेच्या या ये-जा करण्यामुळे तोंडातली हवा क्षणभर आत, क्षणभर बाहेर अशी हेलकावते. तो हेलकावा फटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पापुद्र्याला जरासा बाक देतो. हा बाक पापुद्र्यासोबत वर सरकतो, पण हवेपेक्षा हळू, साधारण तिच्या निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने. आणि सरकताना वाढत जातो! फटीपाशी केसाएवढा असलेला बाक ओठाशी पोचेतो एवढा होतो की अख्खा पापुद्राच एकदा नळीच्या आत आणि एकदा बाहेर झोकला जातो. म्हणजे पापुद्रा हा वर्धक आहे. सूक्ष्म हुकूम घेतो आणि भात्याची ताकद वापरून तो मोठ्याने पाळतो.

सगळं अवलंबून आहे ते वेळेवर. बाकाला फटीपासून ओठापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो नळीतल्या हेलकाव्याशी जुळला, तर प्रत्येक फेरीत थोडी भर पडते. झोपाळा परत येत असताना नेमक्या क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यासारखी. वेळ चुकली तर तोच धक्का झोपाळा थांबवतो. नळ्यांना आवाज देणाऱ्या कारागिराचं निम्मं आयुष्य या वेळेच्या मागे जातं, मग तो त्याला असं म्हणो वा न म्हणो. वरचा ओठ फटीच्या फार जवळ असेल तर बाक लवकर पोचतो आणि नळी मूळ सूर सोडून वरच्या सप्तकात उडी मारते. हवेचा दाब वाढवला तरी तेच होतं. ओठ कापून वर नेला की सूर गोल आणि मऊ होतो, उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) कमी होतात. पण कापलेला ओठ परत जोडता येत नाही, म्हणून कारागीर एका वेळी अगदी थोडंसंच कापतो आणि ऐकतो. चकतीच्या कडेवर बारीक खाचा पाडल्या की सूर सुरू होतानाची ‘च्फ्’ अशी फुंकर शांत होते. एकोणिसाव्या शतकातले कारागीर अशा भरपूर खाचा पाडत. विसाव्या शतकात जर्मनीकडे वारं फिरलं आणि ती फुंकरच हवीहवीशी वाटू लागली, कारण तिच्यामुळे बाख या जर्मन संगीतकाराच्या काळातल्या गुंतागुंतीच्या रचनांतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

आता शिशाच्या धुळीचं लक्षात येईल. फटीच्या एका कोपऱ्यात कण अडकला की पापुद्रा तिरका सुटतो, बाक वेळेवर पोचत नाही आणि नळी घोगरी होते किंवा बोलतच नाही. असं आठ हजार ठिकाणी होऊ शकतं. (गंमत म्हणजे बहुतेक धातूच्या नळ्या मुळात शिसं आणि कथिल यांच्या मिश्रधातूच्याच असतात. शिशाने त्यांचं काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते धुळीने, आणि माणसांचं शिशाने.)

थोडी आकडेमोड. ऑर्गनच्या भाषेत ‘आठ फुटी’ म्हणजे ज्या रांगेतली सर्वांत खालची नळी साधारण आठ फूट उंच आहे अशी रांग. तिचा सूर ६५.४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६५.४ आवर्तनं. फेरीच्या हिशोबाने यासाठी नळी २.६२ मीटर हवी, पण आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. उरलेले अठरा सेंटिमीटर गेले कुठे? लाट नळीच्या कडेपाशी लगेच वळत नाही. दोन्ही टोकांना ती थोडी बाहेर डोकावून मग परत फिरते, आणि तेवढी ‘अदृश्य नळी’ फुकट मिळते. नळी जितकी रुंद तितका हा बोनस जास्त. वरच्या टोकाला बूच मारलं तर लाट तिथे न उलटता परतते, एका आवर्तनाला दोन फेऱ्या लागतात आणि निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो. मात्र अशा नळीत फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर उमटतात, म्हणून तिचा आवाज पोकळ वाटतो. जागा आणि पैसा कमी असलेली चर्चेस बूच मारतात.

फेरीचा वेळ हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो आणि तो वेग तापमानावर. हवा एक अंशाने तापली की नळीचा सूर सुमारे तीन सेंट चढतो. शंभर सेंट म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर. पातीच्या नळ्या मात्र जवळजवळ जागेवरच राहतात, कारण तिथे सूर मुख्यतः पातीच्या लांबीवर आणि ताठपणावर ठरतो. म्हणून उन्हाळ्यात एकाच ऑर्गनची दोन घराणी एकमेकांशी बेसूर होतात आणि सूर जुळवणारा थोड्याशाच पातीच्या नळ्या हलवून बहुसंख्य नळ्यांशी मिळवून घेतो.

इथे एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. ‘४३२ हर्ट्झ ही विश्वाची नैसर्गिक कंप्रता असून ४४० हर्ट्झचं संगीत शरीराला घातक आहे,’ असे संदेश आपल्या फोनवर अधूनमधून येतात. वीस अंशांना ४४० हर्ट्झला जुळवलेला ऑर्गन घ्या आणि चर्च साधारण साडेनऊ अंशांपर्यंत गार होऊ द्या. तोच ऑर्गन आपोआप ४३२ला येतो. युरोपात हे दर हिवाळ्यात घडतं, आणि त्यामुळे कुणाचा मधुमेह बरा झाल्याचं ऐकिवात नाही. शिवाय १८५९ साली फ्रान्सने ४३५ हर्ट्झ हे प्रमाण ठरवण्याआधी गावोगावच्या ऑर्गनचे सूर वेगवेगळे होते. विश्वाने तेव्हाही हरकत घेतली नव्हती.

‘कथिल जास्त तितका आवाज चंदेरी’ ही समजूत मात्र खुद्द जाणकारांतही चिवट आहे. कंप पावते ती आतली हवा, नळीची भिंत नव्हे. भिंत पुरेशी जाड असेल तर तिच्या कंपनाचा ऐकू येणाऱ्या सुरावर परिणाम नगण्य असतो, हे १९६६ साली बॅकस आणि हंडली यांनी मोजून दाखवलं. धातूची निवड महत्त्वाची ठरते ती वेगळ्या कारणाने: कथिल आणि शिशाचा मिश्रधातू चाकूने कापता येतो, ओठ हवा तसा घडवता येतो. फिलिपिन्समधल्या लास पिन्यास गावी दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्र्याने १८२४ साली पुरा केलेला ऑर्गन पाहा. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून बांबू आधी वाळूत पुरून ठेवले होते. तो ऑर्गन आजही वाजतो.

एक नळी म्हणजे एक सूर, एक रंग, एक जोर. त्यामुळे वैविध्य हवं तर नळ्याच वाढवाव्या लागतात, आणि मग कोणत्या नळीला कधी हवा द्यायची हा प्रश्न उभा राहतो. यावरचं उत्तर मला फार हुशार वाटतं. सगळ्या नळ्या एका हवापेटीवर उभ्या असतात. प्रत्येक पट्टीसाठी पेटीत एक वेगळा कप्पा, त्याच्या तोंडाशी एक झडप. पट्टी दाबली की झडप उघडते आणि त्या कप्प्यावरच्या सगळ्या नळ्यांकडे हवा निघते. पण मध्ये, कप्प्यांना आडव्या, भोकं पाडलेल्या लाकडी सरकपट्ट्या असतात. नळ्यांच्या प्रत्येक रांगेला एक. वादकाने स्टॉपची, म्हणजे रांग निवडण्याची, मूठ ओढली की त्या रांगेची भोकं समोरासमोर येतात. पट्टीही दाबली पाहिजे आणि मूठही ओढली पाहिजे, तेव्हाच नळी वाजते. उभे कप्पे आणि आडव्या रांगा यांच्या छेदबिंदूवर हव्या त्या नळीला गाठण्याची ही युक्ती पंधराव्या-सोळाव्या शतकात रुळली. संगणकाच्या कीबोर्डखालचं तारांचं जाळं आजही याच तत्त्वावर चालतं.

स्टॉपवरचे आकडे वाचायला मजा येते. आठ फूट हा मूळ षड्ज धरला तर चार फूट म्हणजे वरचा षड्ज, २ २/३ फूट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, दोन फूट म्हणजे आणखी वरचा षड्ज, १ ३/५ फूट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. हा क्रम ओळखीचा वाटला का? तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच शिडीची पाचवी पायरी. तारेत निसर्गतः असलेले उपस्वर ऑर्गनवादक वेगळ्या नळ्यांनी वरून ओततो, हव्या त्या प्रमाणात. कान त्यांना सुटे स्वर मानत नाही, एकाच सुराचा रंग मानतो. याचाच फायदा घेऊन एक बनवाबनवीही चालते. बत्तीस फुटी नळीचा खर्ज सुमारे १६ हर्ट्झचा, पण ती नळी महागडी आणि बोजड. मग सोळा फुटी षड्ज आणि १० २/३ फुटी पंचम एकत्र वाजवतात. बत्तीस फुटीचे हे दुसरा आणि तिसरा उपस्वर. मेंदू त्यांच्यावरून नसलेला मूळ सूर लावतो आणि ऐकणाऱ्याला बत्तीस फुटी खर्जाचा भास होतो. खरी बत्तीस फुटी नळी बोलायलाही आळशी असते: तिची दहा आवर्तनं होईपर्यंतच सेकंदाचा सहा दशांश भाग निघून जातो, आणि सूर स्थिरावायला त्याहून जास्त वेळ लागतो. पेडलवर, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर, पाय असलेल्या वादकाला हे धरून थोडं आधीच दाबावं लागतं.

हे सगळं चर्चने शोधलेलं नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टेसिबियस नावाचा यंत्रज्ञ होता, न्हाव्याचा मुलगा. त्याने बनवलेल्या ऑर्गनमध्ये पाणी असे, पण वाजण्यासाठी नव्हे. पंपाने भरलेली हवा पाण्यात पालथ्या घातलेल्या भांड्यात साठे. पाण्याचं वजन तिच्यावर सतत एकसारखा दाब ठेवी, त्यामुळे पंपाच्या दोन ठोक्यांमध्ये सूर डगमगत नसे. रोमनांनी हे वाद्य उचललं आणि आखाड्यात नेलं. लिबियातल्या झ्लितेन इथल्या मोझाइक चित्रात ग्लॅडिएटर लढताहेत आणि शेजारी ऑर्गन वाजतो आहे. बुडापेस्टच्या हद्दीतल्या अक्विंकुम या रोमन वसाहतीत १९३१ साली इसवी सन २२८चा छोटा ऑर्गन सापडला: ५२ नळ्या, चार रांगा. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक या वाद्याकडे नाक मुरडत असत तर नवल नाही.

पश्चिम युरोपात तो परतला राजनैतिक भेट म्हणून. इसवी सन ७५७मध्ये बायझंटाइन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने फ्रँक राजा पेपिन याला एक ऑर्गन पाठवला. मठांतल्या कारागिरांनी पुढच्या शतकांत ही विद्या आत्मसात केली. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली उभ्या राहिलेल्या ऑर्गनला वीस भाते होते आणि ते चालवायला दहा माणसं लागत. पुढे आकार वाढले तसा वेगळाच प्रश्न आला: मोठ्या दाबाखालची झडप बोटाने उघडणं अवघड, आणि तीन कीबोर्ड एकत्र जोडले तर पट्टी दाबायला अंगातला सगळा जोर लागे. चार्ल्स बार्कर या इंग्रज माणसाने प्रत्येक पट्टीला एकेक छोटा भाता जोडला. बोटाने फक्त त्याची चिमुकली झडप उघडायची, जड काम हवेनेच करायचं. अरिस्तीद काव्हाए-कोल या फ्रेंच निर्मात्याने ही युक्ती पॅरिसजवळच्या सें-दनीत १८४१ साली वापरली, आणि नोत्र दामचा ऑर्गन १८६८ साली आजच्या रूपाला आणला तोही त्यानेच.

पियानोचा स्वर वाजताक्षणी मरायला लागतो, तानपुऱ्याचाही. ऑर्गनचा स्वर झडप उघडी आहे तोवर तसाच राहतो, कारण पापुद्रा प्रत्येक आवर्तनातली तूट भात्यातून भरून काढतो. लुई व्हिएर्न हा जन्मापासून दृष्टी अत्यंत अधू असलेला वादक १९००पासून नोत्र दामचा ऑर्गन वाजवत होता. २ जून १९३७ रोजी मैफल चालू असताना तो वाद्यावरच कोसळला आणि गेला. त्याचा पाय पेडलवर पडला आणि तो एकच खर्ज चर्चभर घुमत राहिला, असं सांगतात.

या न संपणाऱ्या सुराचा कळस त्याच हाल्बरश्टाट गावात चालू आहे. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची ‘शक्य तितक्या संथपणे’ वाजवायची एक रचना तिथल्या सेंट बुर्खार्डी चर्चमध्ये ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली. ती ६३९ वर्षं चालायची आहे. गावातल्या कॅथेड्रलचा तो ऑर्गन उभा राहिला ते १३६१ साल ते २००० हे अंतर तेवढं, म्हणून हा आकडा. रचनेची सुरुवात विरामाने होते, त्यामुळे पहिले सतरा महिने नुसता भात्याचा आवाज होता. आता पेडलवर वाळूच्या पिशव्या टांगून स्वर धरून ठेवले आहेत, आणि नवा स्वर यायचा असेल तेव्हा त्याची नळी आणून बसवतात. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वर बदलला, त्यानंतरच्या बदलाची तारीख ५ ऑगस्ट २०२६ ठरली. दिवसरात्र चालणारा आवाज बेताचा राहावा म्हणून ऑर्गनभोवती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी घातली आहे.